दुसरं कार्ड

११ जानेवारी

मालतीचा व्हिसा आला. एकदा काढायचाच तर मोठा काढावा म्हणून दोन वर्षांचा मागितला होता, मिळाला.

मी जात नाही. ‘मामा, आमचं घर लहान, दोघांची सोय नीट होणार नाही,’ असं चिदंबरराव, म्हणजे आमचे जावई, फोनवर म्हणाले. मला, सासऱ्याला, ते मामा म्हणतात. माणूस स्पष्ट आहे, मला आवडतं. त्यांनी तर मालतीलाही उन्हाळ्यात या असं सांगितलं होतं. लीड्सला आत्ता बर्फ पडतो. पण मालती ऐकेना. ‘मला तुळसीला बघायचंय,’ हा एकच धोशा दिवाळीपासून. रविवारी व्हिडिओवर बघतेस की मुलीला, म्हटलं, तरी तेच.

माझी सगळी नोकरी रेल्वे वर्कशॉपच्या स्टोअर्समध्ये गेली. जिच्यावाचून काम अडेल त्या वस्तूचा दुसरा नग शेल्फवर पाहिजेच, हे माझ्या हाडात मुरलंय. परदेशात कार्डाचं तसंच. मशीननं गिळलं, पाकीट मारलं, तर साठी उलटलेल्या बाईनं परक्या गावात काय करायचं? म्हणून दोन कार्डं. पहिलं पौंड भरलेलं, प्रवासाचं. दुसरं आमच्या पेन्शनच्या खात्यावरचं, तिच्या नावाचं. दोन्ही एका जागी ठेवायची नाहीत, आणि पहिलं गेल्याशिवाय दुसरं बाहेर काढायचं नाही. दुसऱ्या कार्डावर काहीही झालं की मेसेज माझ्या फोनवर येतो, कारण खात्याला नंबर माझा आहे. म्हणजे मी इथे जयलक्ष्मीपुरममध्ये बसूनही तिच्यावर लक्ष ठेवू शकतो.

१५ जानेवारी

संक्रांत. एळ्ळु-बेल्ल, म्हणजे आपला तीळगूळ, वाटायला मालती शांताक्कांकडे गेली ती जेवायच्या वेळेला परतली. शांताक्का तिची थोरली बहीण, दोन क्रॉस, म्हणजे दोन गल्ल्या, पलीकडे राहतात. दोघी बहिणींचं हल्ली फार गुळपीठ. मी गेलो की विषय बदलतात.

संध्याकाळी शिवरामपेटेत निवृत्ती टेलरकडे गेलो. परकराला आतून खिसा लावून घ्यायचा होता, दुसऱ्या कार्डासाठी. निवृत्ती म्हणाला, ‘चेन लावतो गुंडेराव, म्हणजे वाकलं तरी पडायचं नाही.’ मग मालतीनं पिशवीतून अजून एक कपडा काढला. सलवार. ‘हिलापण तसाच खिसा लावा. मुलीची आहे.’

‘तुळसीला कशाला?’ मी विचारलं. ‘तिच्याकडे कार्ड कुठंय? चिदंबरराव सगळं बघतात.’

‘असू दे हो, सुम्मने,’ ती म्हणाली.

सुम्मने म्हणजे उगीच. हे तिचं नेहमीचं उत्तर. उगीच कोणी खिसा लावून घेतं का?

१९ जानेवारी

कार्डाचा पिन पाठ करून घेतला. मशीनसमोर उभं राहून बोटांनी दाबून दाखव म्हणालो, तर चिडली. ‘तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय मी. चार आकडे राहतील लक्षात.’

मग जरा वेळानं म्हणाली, ‘एक ऐका. हे दुसरं कार्ड आहे, हे कुणाला सांगू नका. कुणालाच.’

‘चिदंबररावांना तर सांगायला पाहिजे. तिथे अडचण आली तर तेच आहेत.’

‘कुणालाच नाही म्हटलं ना.’

बरं म्हणालो. तत्त्व म्हणून ते बरोबरच आहे.

२३ जानेवारी

पोचली. व्हिडिओवर दिसली, स्वेटरवर शाल, शालीवर कोट. फोन चिदंबररावांनी धरला होता, घर फिरवून दाखवलं. फार टापटीप. तुळसी मागे ओट्यापाशी होती. बारीक झालीय. तिकडे सगळ्याच मुली जपतात म्हणे. ‘अण्णा, बरे आहात?’ एवढंच विचारलं तिनं. लग्नाआधी कडकोळच्या कारखान्यात केमिस्ट होती, रोज स्वतःच्या स्कूटरवर जायची, आली की दारातूनच बोलायला सुरुवात. आता शांत झालीय. संसार माणसाला शांत करतो.

३१ जानेवारी

आज चिदंबररावांशी बरंच बोलणं झालं. त्यांनी मालतीचं कार्ड आणि पासपोर्ट आपल्या कपाटात कुलपात ठेवलेत. ‘आईंचं वय झालं, मामा, कुठे विसरल्या तर नसती धावपळ. लागेल तेव्हा मागायचं, मी देतो.’ मला इतकं बरं वाटलं! माझ्यासारखाच विचार करणारा माणूस. स्थळ मीच आणलं होतं, मालतीच्या मनात नव्हतं. म्हणायची, मुलगा हसतो पण डोळे हसत नाहीत. बायकांचं काहीतरी.

दुसऱ्या कार्डाचं ओठांवर आलं होतं. शब्द दिलाय म्हणून बोललो नाही.

८ फेब्रुवारी

दुपारी जेवून पेपर वाचत होतो आणि मेसेज आला. दुसरं कार्ड, लीड्स, औषधाचं दुकान. ताबडतोब फोन लावला.

‘पोट बिघडलं होतं,’ मालती अगदी हळू आवाजात म्हणाली.

‘मग पहिलं कार्ड वापरायचं. हे कशाला काढलंस?’

‘ते त्यांच्या कपाटात आहे.’

‘मागायचं!’

‘ते ऑफिसात असतात. ठेवते मी.’

तिचं बोलणं बरोबर आहे, तरी नियम मोडला तो मोडलाच. पोटाला काय घेतलं तेही सांगितलं नाही.

१४ फेब्रुवारी

पुन्हा मेसेज. या वेळी मोबाइल फोनचं दुकान. मालतीकडे चांगला फोन आहे, मीच घेऊन दिलेला. तिला लावला, उचलला नाही. संध्याकाळी व्हिडिओवर विचारायला तोंड उघडलं तर तिनं कॅमेऱ्यात बघून मान हलवली, नको अशी. मागे चिदंबरराव भाजी चिरत होते. जावई भाजी चिरतो, आमच्या घराण्यात असं कुणी पाहिलंय?

मन शांत होईना म्हणून शांताक्कांकडे गेलो. मेसेज दाखवले. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘मालतीला काय करायचं ते कळतं, गुंडेराव. तुम्ही जरा गप्प बसाल का?’

‘अक्का, काही लपवताय का माझ्यापासून?’

‘तुम्ही चिदंबररावांना किती मानता, ते मला माहीत आहे,’ त्या म्हणाल्या. माझ्या प्रश्नाला हे उत्तर कसं, ते मला कळलं नाही. कॉफीही न घेता निघालो.

२० फेब्रुवारी

आज मोठं संकट टळलं. लिहून ठेवतो.

दुपारी मेसेज आला, टॅक्सी. पाठोपाठ दुसरा, बस स्टेशनवरचं चहाचं दुकान. कामाच्या दिवशी भर थंडीत मालती बस स्टेशनवर काय करणार? तिचा फोन लावला, बंद. तुळसीचा वाजत राहिला, कुणी उचलला नाही. तेव्हा खात्री पटली. कार्ड चोरीला गेलं. चौदा तारखेचा तो मोबाइलसुद्धा चोरानंच घेतला असणार आणि मालती घाबरून मला सांगत नसणार.

वेळ घालवला नाही. ॲप उघडलं आणि कार्ड बंद करून टाकलं. बंद होतंय न होतंय तोच मेसेज, व्यवहार नाकारला. मग पुन्हा. मग पुन्हा. चोराला घाई झालेली दिसत होती. मला तर हसू आलं.

नंतर चिदंबररावांना ऑफिसात फोन केला. आता शब्द पाळण्यात अर्थ नव्हता. मालतीकडे दुसरं कार्ड होतं, ते चोरीला गेलंय, चोर आत्ता या क्षणी तिथे बस स्टेशनवर आहे, सगळं सांगितलं. त्यांचा आवाज जराही चढला नाही. ‘कुठलं स्टेशन, मामा? मेसेजमध्ये दुकानाचं नाव काय आहे? वाचा बघू.’ मी वाचलं. ते म्हणाले, ‘बरं झालं सांगितलंत. मी बघतो.’ बोलत असताना मध्येच एका परदेशी नंबरावरून फोन येत होता. असले फोन उचलू नका म्हणून बँकच बजावते. मी कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला.

संध्याकाळी चिदंबररावांचा फोन. सगळं ठीक आहे, दोघी घरी आहेत, काळजी करू नका. क्षणभर मालतीला दाखवलं. पलंगाच्या कडेवर बसली होती, कोट अंगातच. माझ्याकडे नुसती बघत राहिली. दमली असेल.

२५ फेब्रुवारी

मालती ठरल्याच्या महिनाभर आधी परत येतेय. तिकीट चिदंबररावांनीच बदललं. ‘आईंना इथली हवा मानवत नाही.’ मी म्हणालोच होतो, उन्हाळ्यात जा.

२८ फेब्रुवारी

आली. बसमधून उतरली तेव्हा पिशवी घ्यायला पुढे झालो, तर दिली नाही. घरी येईपर्यंत एक शब्द नाही. आंघोळ केली, देवापुढे बसली. मी विचारलं, ‘कार्डाची तक्रार दिलीत का पोलिसात?’ तिनं वळून पाहिलं आणि आत जाऊन झोपली.

२९ फेब्रुवारी

सकाळी कॉफी झाल्यावर ती बोलली. समोर बसवलं मला, शाळेत बसवायची तसं. जसं सांगितलं तसं लिहितो. माझ्याच्यानं किती लिहवेल माहीत नाही.

‘कार्ड चोरीला गेलं नव्हतं,’ ती म्हणाली. ‘मीच होते. मी आणि तुळसी.’

‘बस स्टेशनवर?’

‘लंडनला निघालो होतो. तिच्या मैत्रिणीकडे. तिला त्या घरातून काढायला गेले होते मी. तुम्हाला काय वाटलं, बर्फ बघायला?’

मी म्हणालो, ‘काढायला म्हणजे?’

‘ते औषध माझ्या पोटाचं नव्हतं. तिच्या खांद्याला लावायला मलम आणलं. पाठीलाही.’ अंगणात कुणीतरी कोथिंबीर विकायला आलं होतं, तिनं खिडकीतूनच ‘बेडा’, नको, म्हणून त्याला घालवलं आणि पुन्हा बसली. ‘तिच्या हातात पैसा नाही. कार्ड नाही. तिचा फोन कुठे आहे ते त्याला दिसतं. माझ्याही फोनमध्ये त्यानं तसंच करून दिलं, म्हणून मी तो बंद ठेवला. तिच्यासाठी नवा फोन घेतला, तो तुमच्या मेसेजमध्ये आला. तिचा व्हिसा त्याच्या नोकरीवर. पोलिसात गेलीस तर परत पाठवून देईन, तुझ्या बापाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं म्हणतो. आणि तिला वाटतं, अण्णा त्याचंच खरं मानतील.’

मी कॉफीचे पेले एकात एक घालून ठेवले.

‘तिकिटाच्या खिडकीवर त्या बाईनं कार्ड लावलं. नाही झालं. पुन्हा लावलं. मागे रांग. तुळसी म्हणाली, आई, अण्णांना फोन कर, ते चालू करतील. अण्णांना सगळं येतं ते कार्डाचं. मी नव्या फोनवरून लावला. तुम्ही कापला. परत लावला, परत कापला. ती बाई चांगली होती, म्हणाली, बाजूला थांबा, बघते काही करता येतं का. आम्ही बाकावर बसलो. तेवढ्यात काचेच्या दारातून तो आत आला. हसत. सगळ्यांसमोर वाकून माझी पिशवी उचलली. म्हणाला, थंडीत कशाला बाहेर पडलात, आई? मामा किती काळजी करत होते.’

ते दोन फोन मी कापले तेव्हा मी त्याच्याशीच बोलत होतो. दुकानाचं नाव वाचून दाखवत होतो.

५ मार्च

चिदंबरला फोन करतो म्हणालो. तुळसीला परत पाठव, नाहीतर मीच येतो, असं सांगतो म्हणालो. मालतीनं फोन माझ्या हातातून काढून घेतला. रागानं नाही. ‘तुम्ही इथे ओरडलात की तिथे तिला भोगावं लागतं. आता तुम्ही काहीच करू नका.’

मला काहीच न करणं जमत नाही. नळाचा वायसर बदलला. गळत नव्हता.

१८ मार्च

मालती दुपारी मधल्या खोलीचं दार लावून कुणाशी तरी बोलते. तो नवा फोन तुळसीजवळ अजून आहे, त्याला सापडलेला नाही, इतकं माझ्या लक्षात आलंय. मी विचारत नाही. दाराजवळूनही जात नाही, मागच्या अंगणात जाऊन उभा राहतो.

आज ती शांताक्कांबरोबर दुसऱ्या एका बँकेत जाऊन खातं उघडून आली. एकटीच्या नावानं. मी बरोबर येतो म्हणालो होतो, अशा कामांत मी बरा आहे. ‘नको,’ म्हणाली. ‘नंबर माझाच द्यायचाय.’

वाईट वाटलं. मी काय त्या माणसासारखा आहे का? मी तिचं भलंच बघत आलो. हे तिला म्हणालो. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, ‘तोही तसंच म्हणतो.’

९ एप्रिल

उगादी, आपला पाडवा. त्याचा फोन आला, व्हिडिओवर. नवा झब्बा, कपाळाला गंध. ‘नमस्कार, मामा.’ मी नमस्कार केला. करावा लागला. मग तुळसीला पुढे घेतलं. लांब बाह्यांचा ड्रेस.

‘अण्णा, बरे आहात?’

किती दिवस घोकत होतो तिला काय म्हणायचं ते. तिच्या खांद्यामागे तो उभा होता. मी म्हणालो, ‘जेवलीस का?’

‘हो, अण्णा.’

‘होळिगे केली होतीस?’

‘केली होती.’

झालं. त्यानं फोन आपल्याकडे वळवला. मालतीनं ताट वाढलं, आम्ही दोघं खाली मान घालून जेवलो. पुरणाच्या होळिगे ताटात तशाच राहिल्या.

२ मे

मालती पुन्हा जातेय. मला फक्त तारीख सांगितली, अकरा. तिथे अशा मुलींसाठी काम करणाऱ्या कुणी बाई आहेत, तुळसीच्या लंडनच्या मैत्रिणीनं गाठ घालून दिली. या वेळी मालती त्याच्या घरी पाय ठेवणार नाही. उतरणार कुठे, भेटणार कुठे, काही सांगितलं नाही. शांताक्कांना माहीत आहे.

मी विचारलं, ‘कार्डं किती नेतेस?’

‘पुरेशी आहेत.’

‘वेगवेगळ्या जागी ठेव.’

‘हो,’ म्हणाली. तेवढ्यापुरता तिचा आवाज पूर्वीसारखा होता.

११ मे

विमानतळाच्या बसपर्यंत सोडायला गेलो. बॅग मी उचलली, या वेळी तिनं उचलू दिली. बस सुटायला वेळ होता. आमच्यासारखीच म्हातारी माणसं मुलांकडे निघालेली, चटण्या-लोणच्यांचे डबे, हसणं. मला वाटलं ती काहीतरी बोलेल. चढताना माझ्या मनगटावर हात ठेवला आणि काढला.

घरी येऊन खात्याचा नंबर बदलायचा फॉर्म भरत बसलो. पेन्शनच्या खात्याला तिचाही नंबर द्यावा म्हणून. निम्मा भरून ठेवून दिला. ती आल्यावर तिला विचारून भरेन.

१६ मे

काही नाही. फोन उशाशी ठेवतो, आंघोळीला जाताना दाराबाहेर स्टुलावर ठेवतो. कुठल्या दुकानाचं नाव नाही, गावाचं नाव नाही. कुणी चहा प्यायलं का, टॅक्सीत बसलं का, काही कळत नाही. शांताक्का समोरून गेल्या तर मी नजरेनं विचारतो. त्या मान खाली घालतात.

२१ मे

दुपारी परदेशी नंबर. पहिल्या रिंगला उचलला.

‘मी बोलतेय,’ मालती म्हणाली. ‘दोघी आहोत. सुखरूप.’

मी नुसता ‘आयतु, आयतु’ म्हणत राहिलो, झालं, झालं, असं. पाठीमागे कपबशांचा आवाज येत होता, आणि कुणीतरी खोकलं. तो खोकला तुळसीचा. लहानपणापासून ओळखतो.

‘कुठे आहात?’

‘ते सांगणार नाही मी तुम्हाला.’

‘बरं.’

‘राग नका मानू.’

‘नाही.’ मग म्हणालो, ‘तिला देतेस का जरा?’

फोनवर हात ठेवल्यासारखं झालं. लांबून दोघींचं बोलणं, शब्द कळले नाहीत. मालती परत आली. ‘आत्ता नको म्हणते. बोलेल नंतर कधीतरी.’

२२ मे

सकाळी पूजेला बसणार तोच चिदंबरचा फोन. तिकडे अजून उजाडलंही नसेल. आवाज तोच, गोड, घाई नसलेला.

‘मामा, तुळसी काल घरातून निघून गेलीय. मनानं जरा हळवी आहे ती, तुम्हाला माहीतच आहे. थंडीवाऱ्यात कुठे गेली असेल? मला फार काळजी वाटते. तुमच्या फोनवर काही मेसेज आला का?’

‘नाही,’ मी म्हणालो.

‘आई तिच्याबरोबर आहेत का? तुम्हाला तर माहीत असेल. मामा, आपण दोघं तिचं चांगलंच बघणारी माणसं. फक्त गावाचं नाव सांगा. मी जाऊन नीट बोलतो.’

त्याचा आवाज भरून आला होता. खरा वाटत होता. तो रडतोय असं मला वाटलं, आणि मला त्याची कीव आली, हे मी इथे लपवणार नाही.

‘मला माहीत नाही,’ मी म्हणालो. ‘मला कुणी सांगितलेलं नाही.’

त्यानं फोन ठेवला.

मी खरं तेच बोललो. पण मालतीनं मला गावाचं नाव सांगितलं असतं, तर आज सकाळी मी काय बोललो असतो, ते मला अजून नक्की सांगता येत नाही.